पैसा कुणाच्या खात्यात पडला? सरकारी खर्च, बुडत्या बँका आणि बिघडलेल्या पावसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पंचायत समितीचा माजी सदस्य, गावच्या विकास सोसायटीवर दोन वेळा संचालक. २०२४ च्या विधानसभेला अपक्ष उभा राहिलो आणि अनामत घालवून घरी आलो. पडल्यावर लोक प्रश्न विचारायचं थांबतील असं वाटलं होतं. उलट आता जास्त मोकळेपणानं विचारतात. पारावर, लग्नाच्या मांडवात, तहसीलच्या जिन्यावर तेच ते प्रश्न, म्हणून एकदाचे लिहून काढले. लोक ज्या क्रमानं भांडतात त्याच क्रमानं ठेवलेत.

अण्णा, तुम्ही सरकारी खर्चाच्या विरोधात आहात म्हणे?

मराठवाड्यात जन्मलेला माणूस सरकारी खर्चाच्या विरोधात कसा असेल? बाहत्तरच्या दुष्काळात माझे वडील खडी फोडायला जायचे आणि घरी सुकडी यायची. त्या कामांतूनच पुढं रोजगार हमी उभी राहिली. १९७७ ला राज्याचा कायदा झाला, १९७९ च्या जानेवारीपासून लागू झाला, आणि २००५ मध्ये दिल्लीनं तीच कल्पना देशभर नेली. तिच्यासाठी १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायला सुरुवात झाली, तो आजही कापतात. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातला पैसा आमच्या पाझर तलावावर आला. असा खर्च मला दहा वेळा मान्य आहे, कारण पैसा मजुराच्या नावावर निघाला आणि बऱ्याच अंशी मजुराच्याच हातात पडला. बऱ्याच अंशी म्हणतो. हजेरीपटावर मेलेली माणसंही खडी फोडत होती, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे.

माझी फूटपट्टी एवढीच. पैसा कुणाच्या नावावर निघाला आणि कुणाच्या खात्यात पडला, ते बघायचं. खालची सगळी उत्तरं याच फूटपट्टीची आहेत.

मराठवाड्याला पॅकेज मिळालं तेव्हा तुम्ही पेढे का वाटले नाहीत?

दोन वेळा वाटायची संधी होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाची बैठक आपल्याकडं झाली, तेव्हा ४९ हजार कोटींचा आकडा आला. सप्टेंबर २०२३ ला, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवात, ४५ हजार कोटी आणि वर सिंचनाचे १४ हजार कोटी. आकडा ऐकला की मी आधी विचारतो, यातली किती कामं आधीच मंजूर होती? जुनी भाजी फोडणी देऊन वाढली तर पंगत उठत नाही, पण तिला ताजी म्हणू नये.

अनुशेष भरला की आपलं भलं होईल का?

अनुशेष, म्हणजे बाकीच्या राज्याच्या तुलनेत आपल्या विकासकामांत राहिलेली तूट. हा हक्काचा शब्द आहे, तो मी सोडणार नाही. १९५३ चा नागपूर करार आहे, विकास मंडळांची तरतूद करणारं घटनेतलं ३७१ (२) आहे, अनुशेष मोजणारी दांडेकर समिती आहे, १९९४ चं वैधानिक विकास मंडळ आहे. त्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सगळा देश टाळेबंदीत होता, मंडळ गेल्याचं कुणाला कळलंही नाही.

पण अनुशेष रुपयांत मोजायची सवय आपल्याला महागात पडली. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दिसलं की दहा वर्षांत राज्याचं सिंचन फक्त ०.१ टक्क्यानं वाढलं. सरकारनं मग श्वेतपत्रिका काढून ५.१७ टक्के सांगितलं. कुठला आकडा बरोबर यावर भांडणं झाली, सिंचनावर खर्च झालेले सत्तर हजार कोटी हा शब्द लोकांच्या तोंडी कायमचा बसला, आणि आमच्या शिवारातला कालवा जिथं थांबला होता तिथंच आहे. त्याच्या पोटात आता बाभळी आहेत. कागदावर त्या कालव्याचा अनुशेष भरला गेला.

लाडकी बहीण बंद करावी का?

नाही. हे ऐकून माझे काही मित्र नाराज होतात, त्यांना वाटतं काटकसर बोलणारा माणूस आधी हीच योजना कापेल. माझ्या फूटपट्टीवर मात्र ती रस्त्याच्या ठेक्यापेक्षा बरी उतरते. दीड हजार रुपये निघतात आणि दीड हजारच बाईच्या खात्यात पडतात. मधे कुणी नाही. माझ्या चुलत वहिनीनं पहिल्या हप्त्यांतून शेळी घेतली. ती शेळी आता आमच्याच दारातली मेथी खाते, हा वेगळा विषय.

चुकतं ते पुढं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेला ३६ हजार कोटी ठेवले, त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला उत्पन्न कमी पडतं ते, ४५,८९१ कोटी आणि राज्यावरचं कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या पुढं. निवडणुकीआधी सरसकट नावं घ्यायची आणि निकाल लागल्यावर छाननी करायची, याला मी योजना म्हणत नाही. निकष पहिल्या दिवशी लावा, पैसे कुठून येणार ते सांगा, मग खुशाल द्या.

सरकारनं कर्ज काढलं तर काय बिघडतं? शेतकरी काढत नाही का?

काढतो. विहिरीसाठी काढतो आणि पोरीच्या लग्नासाठीही काढतो. विहिरीला पाणी लागलं तर ती स्वतःचा हप्ता फेडते. लग्नाचं कर्ज फेडायला विहिरीचं पाणी विकावं लागतं. महसुली तूट म्हणजे सरकारनं लग्नासाठी काढलेलं कर्ज. लग्न करू नका असं मी कुणाला म्हणत नाही, पण दरवर्षी एक लग्न काढणारं घर कसं टिकेल ते मला सांगा.

कर्जमाफीवर तुमची भूमिका दुटप्पी आहे, असं विरोधक म्हणतात.

मांडवात बोलायला हा प्रश्न अडचणीचा आहे, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. २००८ ला केंद्रानं कर्जमाफी दिली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकीत कर्ज पूर्ण माफ, त्यावरच्याला चार आण्यांची सूट, तीही बाकीचे बारा आणे भरले तर. पाटोदा-भूमच्या माळावर सात एकर असलेला माणूस त्या कागदावर मोठा शेतकरी ठरला. त्याच्या सात एकरात कुसळं उगवतात. बागायती पट्ट्यातला चार एकर उसाचा धनी अल्पभूधारक म्हणून सुटला. निकष दिल्लीत बसून लावला की असं होतं. मग २०१७ ला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाखापर्यंत, ३४ हजार कोटींच्या घोषणेची. २०१९ च्या डिसेंबरात महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, दोन लाखांपर्यंत.

आता फूटपट्टी लावू. २०१७ ची यादी आमच्या सोसायटीच्या भिंतीवर लागली तेव्हा मी संचालक होतो. पैसे राज्याच्या तिजोरीतून निघाले ते बँकेत जमा झाले. शेतकऱ्याच्या हातात एक कागद आला, त्यावर बाकी शून्य. बँकेची थकबाकी रातोरात खाली आली. आणि त्याच शेतकऱ्यानं जूनमध्ये नवं पीककर्ज मागितलं तर बँक म्हणाली, आमच्याकडं वाटायला पैसा नाही. तो सावकाराकडं गेला. म्हणजे कर्जमाफी झाली ती बँकेची सुटका होती, नाव फक्त शेतकऱ्याचं घेतलं. टोमणे मात्र त्यालाच खावे लागले. शहरातले पाहुणे आजही विचारतात, काय, परत माफी का?

माझा कर्जमाफीला विरोध नाही. सलग दोन हंगाम गेलेल्या माणसाकडून वसुली करणं म्हणजे दगडाचं तेल काढणं. पण अट अशी हवी की ज्या बँकेला माफीचे पैसे मिळाले, तिनं त्याच शेतकऱ्याला येत्या पेरणीआधी नवं कर्ज दिलंच पाहिजे. नाही दिलं तर पैसे परत.

आणि नियमित फेडणाऱ्याचं काय? ३१ मार्चची दुपार ज्यानं सोसायटीत काढलीय त्याला हे सांगायला नको. माणूस सकाळी खासगीत शेकड्यानं पैसे उचलतो, सचिवासमोर भरतो, पावती फाटते, आणि बँकेनं कर्ज पुन्हा दिलं की तेच पैसे व्याजासकट परत करतो. याला नवं-जुनं म्हणतात. कागदावर तो नियमित कर्जदार, खरं तर एका दिवसासाठी सावकाराच्या दारात उभा राहिलेला. माफीच्या यादीत तो बसत नाही. त्याला पुढं पन्नास हजारांपर्यंतचं प्रोत्साहन अनुदान जाहीर झालं, ते तीन वर्षं रखडून २०२२ नंतर मिळायला लागलं. प्रामाणिकपणाला तारीख पे तारीख.

बुडालेल्या जिल्हा बँकेला सरकारनं वाचवावं का?

ठेवीदाराला वाचवावं. संचालकाला वाचवू नये. आजवर बहुतेक वेळा दोघांना एकाच दोरीनं वर काढलं गेलं.

विदर्भातल्या नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांना परवाना नव्हता. २०१४ च्या अखेरीस केंद्रानं देशातल्या अशा २३ बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना केली, त्यात सगळ्यात मोठा वाटा राज्यांनी उचलला. आपल्याकडच्या काही बँकांकडं परवाना होता पण काउंटरवर पैसा नव्हता. आमच्या भागातल्या एका शाखेतलं एक दृश्य मी विसरलो नाही. सकाळी सात वाजता शटर बंद आणि बाहेर माणसांऐवजी चपलांची रांग. ज्याची चप्पल पुढं त्याचा नंबर आधी. माणसं समोरच्या हॉटेलात चहा घेत बसलेली, नजर चपलांवर. त्यात एक निवृत्त गुरुजी होते. जन्मभराचा पगार याच बँकेतून झाला, फंडाची रक्कम इथंच ठेवली. त्यांना त्या दिवशी पाचशे रुपये मिळाले. घरी जायला रिक्षा केली नाही, चालत गेले.

हा पैसा गेला कुठं? साखर कारखान्यांना, सूतगिरण्यांना, संचालकांच्या सग्यासोयऱ्यांच्या संस्थांना, पुरेसं तारण न घेता. सहकार कायद्यात चौकशीची कलमं आहेत. कलम ८३ खाली चौकशी, कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करायची. गावातल्या पोरांनाही आता ८८ म्हणजे काय ते कळतं. पण ८८ ची नोटीस निघते, तिच्यावर अपील होतं, अपिलाला स्थगिती मिळते, आणि मधल्या काळात त्याच घराण्याचं पॅनेल पुन्हा निवडून येतं.

थकहमीचाही हाच प्रकार. कारखाना कर्ज घेतो, सरकार थकहमी देतं, कारखाना बुडतो, सरकार भरतं. शेतकऱ्याच्या दीड लाखाच्या माफीवर महिनाभर चर्चा रंगते, थकहमीचे कोटी एका शासन निर्णयात सुटतात आणि तो निर्णय कुणी वाचतही नाही. माझी मागणी आहे की थकहमी देताना संचालकांची वैयक्तिक मालमत्ता तारण घ्यावी. हे मी एका जाहीर सभेत बोललो तेव्हा व्यासपीठावरचे तीन जण पाणी प्यायला उठले.

मोठ्या बँकांना लाखो कोटी देतात, मग आमच्याच वेळी तिजोरी रिकामी का असते?

राग रास्त आहे, हिशेब थोडा नीट करू. २०२०-२१ पर्यंतच्या पाच वर्षांत केंद्रानं सरकारी बँकांत तीन लाख कोटींहून जास्त भांडवल ओतलं. शिवाय २०२१-२२ पर्यंतच्या पाच वर्षांत बँकांनी दहा लाख कोटींहून अधिक कर्ज निर्लेखित केलं, हे सरकारनंच संसदेत सांगितलं.

आता, निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. खातं चालू ताळेबंदातून काढून बाजूला ठेवतात, वसुलीचा हक्क राहतो. बँकवाले हे सांगतात ते खरंच आहे. पण त्याच काळात अशा खात्यांतून वसूल झाले साधारण १.३२ लाख कोटी, म्हणजे रुपयामागं तेरा पैसे. आमच्या सोसायटीत तेरा पैसे वसुली झाली असती तर सचिवाला निलंबित केलं असतं.

तरीही सरकारी बँका बुडू द्यायला नको होत्या. त्या बुडाल्या असत्या तर पहिला फटका पेन्शनवाल्या आजीला बसला असता, कर्ज बुडवणाऱ्याला नाही. अमेरिकेनं २००८ मध्ये ७०० अब्ज डॉलरचा कायदा केला तेव्हा निदान बँकांकडून त्या पैशाच्या बदल्यात शेअर घेतले, आणि बँकांत घातलेला पैसा पुढं नफ्यासह वसूल केला. लोकांचा संताप तिकडंही झाला, कारण घरं गेली ती साध्या माणसांची. वाचवायचं तर बदल्यात काहीतरी घ्यावं, हे शिकायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आमचा सावकारसुद्धा वाळ्या ठेवून घेतल्याशिवाय पैसे देत नाही.

मल्टीस्टेटमध्ये (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेत) अडकलेले पैसे सरकारनं द्यावेत का?

माझेही दोन लाख अडकलेत, हे आधी सांगतो. बँकेपेक्षा जास्त टक्के मिळत होते, मोह झाला. दुसऱ्याला अक्कल शिकवणारा मी.

४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेला आणि मल्टीस्टेट पतसंस्थेला तो लागू नाही. फलकावर बँकेसारखं नाव, आत एसी, मुलींना गणवेश, म्हणून ती बँक होत नाही. तिची नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडं, त्यामुळं इथल्या सहकार खात्यानं हात वर केले.

करदात्याच्या पैशातून आमची ठेव भरून द्यावी असं मी म्हणणार नाही, माझं नुकसान झालं तरी. जालन्यातल्या मोसंबीवाल्यानं माझ्या मोहाचे पैसे का भरावेत? पण १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, जप्त मालमत्ता आहेत. त्यांचा लिलाव ठरलेल्या मुदतीत झाला पाहिजे. वर्ष गेलं की जप्त बंगल्याच्या खिडक्याही चोरीला जातात.

हवामान बदल वगैरे शहरातल्या लोकांचे चोचले आहेत. पाऊस कमी-जास्त होतच असतो की.

होत असतो, कबूल. पण १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी अशा फुगल्या की माणसं पत्र्यांवर चढून बसली, गोठ्यातली जनावरं दाव्यासकट गेली. मधे दहा वर्षंसुद्धा नाहीत. विभागाची पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास. तेवढा पाऊस चार महिन्यांत पडला तर सोयाबीन येतं, पंधरा दिवसांत पडला तर माती जाते. सरासरी दोन्ही वेळा तीच.

पुरानंतर मी एका शेतात गेलो होतो. शेत म्हणायचं म्हणून म्हणतो, खाली मुरूम उघडा पडला होता. मालक बांधाची जागा शोधत होता. बांध नव्हता, त्यामुळं तो कुठं उभा आहे, आपल्यात की भावकीच्यात, हे त्याला सांगता येईना.

पुराची मदत तर मिळाली ना? मग तक्रार कशाची?

७ ऑक्टोबर २०२५ ला राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज सांगितलं. कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७ हजार, बागायतीला ३२,५००, तीन हेक्टरच्या मर्यादेत. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि तीन लाख नरेगातून. कमी म्हणा, जास्त म्हणा, पण खात्यात टाकायचं ठरलं हे चांगलं.

तक्रार पुढची. आमच्या गावातल्या एका बाईच्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. ती ग्राहक सेवा केंद्रावर गेली, मशीनवर अंगठा लावला. मशीन नाही म्हणालं. पुन्हा लावला. पदर ओला करून बोट पुसलं, पुन्हा लावला. शेवटी पोरगं म्हणालं, मावशी, होल्ड लागलाय. नवऱ्याच्या जुन्या पीककर्जासाठी बँकेनं खातं अडवलं होतं. मदतीच्या पैशातून वसुली करू नका असे आदेश दरवेळी निघतात, आणि दरवेळी शाखेत विचारलं की साहेब म्हणतात, वरून सिस्टीमला लागलाय. पूर तिच्या शेतात आला होता, मदत बँकेला मिळाली. कर्जमाफीचीच गोष्ट, फक्त पावसाळी आवृत्ती.

पीक विम्याचं काय?

खरीप २०२३ पासून एक रुपयात विमा होता, २०२५ पासून बंद झाला. आता पुन्हा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला पाच. आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काही निवडक शेतांतलं पीक कापून काढलेल्या सरासरीवर. एक रुपयात बोगस अर्ज बोकाळले, हे खरं. पण बोगस अर्जांच्या शिक्षेसाठी खऱ्या शेतकऱ्याचं स्थानिक नुकसानीचं कलम काढून टाकणं मला पटलेलं नाही.

बीड पॅटर्नचं मात्र मी जाहीर कौतुक करतो. भरपाई कमी निघाली तर कंपनीनं हप्त्याच्या वीस टक्क्यांपर्यंत ठेवून बाकी सरकारला परत करायची, आणि एकशे दहा टक्क्यांवर गेली तर वरचं सरकारनं सोसायचं. आपल्या मातीत निघालेला नियम आहे आणि नफ्याला लगाम घालणारा आहे.

पर्जन्यमापकाबद्दलही विचारतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. आमच्या महसूल मंडळाचं यंत्र नऊ किलोमीटरवर, एका इमारतीच्या सावलीत. एका रात्री आमच्याकडं ओढा रस्त्यावर आला, यंत्रात ६१ भरला. चार मिलिमीटरसाठी आम्ही अर्ज घेऊन महिना हिंडलो. प्रत्येक गावात यंत्र बसवायला जो खर्च येईल, तो एका स्वागत कमानीपेक्षा फार नसेल.

कोळसा बंद करा म्हणता, मग परळीचं काय?

आज बंद करा असं मी कधीच म्हटलेलं नाही. परळीत थर्मलवर, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रावर, चुली चालतात, राखेवरसुद्धा चालतात. पण २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचं केंद्र बंद पडलं ते कुठल्या पर्यावरणवाद्यामुळं नाही, पाणी नव्हतं म्हणून. २०१५ मध्ये पुन्हा तेच. हवामानाचा पहिला फटका कोळशालाच बसला, याचं कुणाला हसू येत नाही.

देशानं २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिलाय. तोवर परळीच्या कंत्राटी कामगाराला दुसरं काम काय, हे आत्तापासून ठरवा. पैसा नव्हता असं नाही. २०१० पासून कोळशाच्या टनामागं पन्नास रुपये स्वच्छ ऊर्जेच्या नावानं घेत होते, २०१६ पर्यंत ते चारशे झाले. २०१७ ला जीएसटी आला आणि तो उपकर राज्यांच्या भरपाईत वळला. नाव स्वच्छ ऊर्जेचं, खातं भलतंच.

ऊस बंद करावा का?

२०१९ मध्ये विभागीय आयुक्त कार्यालयानं मराठवाड्यात ऊस नको, डाळी-तेलबिया घ्या असा अहवाल दिला होता. तो कुठल्या कपाटात आहे, माहीत नाही.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर आहे, १९६६ च्या आदेशानं चौदा दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. कारखाने चौदाचे चाळीस दिवस करतात, पण पैसे येतात. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, आणि दिवाळीआधी आमच्या मोंढ्यात बोली त्याहून हजारानं खाली. मग माणूस काय लावणार? सोयाबीन-तुरीला उसासारखी खरेदीची हमी द्या, ठिबकाशिवाय उसाला कालव्याचं पाणी देऊ नका, आणि पाच वर्षं थांबा. बंदी घालावीच लागणार नाही. पण कारखाना, बँक आणि आमदारकी एकाच वाड्यात नांदते तोवर हे अहवाल कपाटातच राहतील.

जलयुक्त, वॉटर ग्रिड, सोलर पंप?

जलयुक्त शिवार या राज्याच्या जलसंधारण योजनेवर ९,६३३ कोटी खर्चून भूजल फारसं वाढलं नाही, असं महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये म्हटलं. गाळ काढला तिथं फायदा झाला, नुसता ओढा खरवडला तिथं नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ग्रिडचा, म्हणजे धरणं एकमेकांना जोडून गावोगाव पाणी न्यायचा पाइप चांगलाच, पण जायकवाडी ६५ टक्क्यांवर यावी म्हणून वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की दरवेळी कोर्ट. पाइपाआधी पाण्याचा हक्क पक्का करा. सोलर पंप मला आवडतो. रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जाणं सुटलं, साप चावून मरणं कमी होईल. फक्त पाच वर्षांनी पॅनेल बिघडल्यावर ठेकेदार फोन उचलेल का, तेवढं बघावं लागेल.

तुमचा पक्ष कोणता?

सध्या कुठलाच नाही. दोघांनी विचारलं होतं. एकानं थकहमीवर बोलू नका म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं मल्टीस्टेटवर.

अण्णा, तुमच्या स्वतःच्या शेतात ऊस आहे का?

आहे. दोन एकर, ठिबकावर, खोडवा. गेल्या वर्षी मोडून तूर घ्यायची ठरवली होती, तूर सप्टेंबरच्या पाण्यात सडली असती हे नंतर कळलं. ऊस आडवा झाला पण वाचला. यंदा एक एकर मोडतोय. बायको म्हणते, आधी मोड, मग लोकांना सांग.